धम्मदूताचा दिवस



धम्मदूत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? मंडप, लाऊडस्पीकर, फुलांचे हार, समोर दाटीवाटीने बसलेला समाज आणि व्यासपीठावर चीवर परिधान केलेले भन्तेजी. बुद्धपौर्णिमेला, वर्षावासात, अशोक विजयादशमीला आपण हे दृश्य पाहतो. प्रवचन ऐकतो, साधु साधु म्हणतो आणि घरी येतो. पण त्या भन्तेजींचा उरलेला काळ कसा जातो? ज्या दिवशी मंडप नसतो त्या दिवशी ते काय करतात? आणि ते वयाने तरुण असतील, परक्या देशातून आलेले असतील, येथील भाषा त्यांना येत नसेल, तर त्यांचा दिवस कसा उजाडतो आणि कसा मावळतो?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे. माझे म्हणणे असे आहे की धम्म मोठ्या सभांतून जितका पसरला, त्याहून कितीतरी अधिक तो धम्मदूतांच्या साध्या, कोणी न पाहिलेल्या दिवसांतून पसरला. ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्या कुटुंबांनी ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण त्यात आपल्या घरासाठी फार मोठा धडा आहे.

तथागतांनी सारनाथला पहिले धम्मचक्र फिरविले. थोड्याच महिन्यांत संघात साठ भिक्खू झाले. त्यांत पंचवर्गीय भिक्खू होते, वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा यश होता, यशाचे मित्र होते. म्हणजे कालपर्यंत सुखात लोळलेली तरुण मुले होती. त्यांना भगवंतांनी बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना जाण्यास सांगितले आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असेही सांगितले. या सांगण्याचा अर्थ लक्षात घ्या. दोघे बरोबर गेले असते तर एकमेकांना आधार झाला असता, बोलायला माणूस मिळाला असता. पण मग एक गाव धम्माविना राहिले असते. म्हणून प्रत्येकाने एकटे जायचे.

पुढे सम्राट अशोकाच्या काळी तिसरी संगीती झाली आणि मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी देशोदेशी धम्मदूत पाठविले. अशोकपुत्र महिंद लंकेला गेले. महावंसाप्रमाणे तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते, आणि ते परत आले नाहीत. साठ वर्षांचे भिक्खुजीवन पूर्ण करून त्यांनी लंकेतच देह ठेवला. त्यांची बहीण संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन तिकडे गेली आणि तिने लंकेत भिक्खुणीसंघ उभा केला. त्याच महावंसात आपल्या मुलखाचेही नाव आहे. महारठ्ठाला महाधम्मरक्खित आले आणि अपरान्ताला, म्हणजे कोकणपट्टीला, योन धम्मरक्खित आले. योन म्हणजे यवन, ग्रीक. एक ग्रीक भिक्खू आपल्या कोकणात येऊन आपल्या पूर्वजांना धम्म सांगत होता! तेव्हा धम्म हा आपल्याला परका नाही, आणि परक्या देशातून आलेला धम्मदूतही आपल्याला परका नाही.

आता त्या धम्मदूताचा दिवस पाहू.

तो पहाटे अंधारात उठतो. वंदना करतो, ध्यानाला बसतो, राहण्याची जागा झाडून काढतो. त्याची मालमत्ता किती? तीन चीवरे, एक भिक्षापात्र, एक वस्तरा, एक सुई, कमरेचा एक पट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. विनयाने सांगितलेल्या या आठ वस्तू. एवढे घेऊन तो समुद्र ओलांडून आलेला असतो.

उजाडल्यावर तो भिक्षेला निघतो. स्वतःच्या देशात लोक त्याला ओळखतात, दारात वाट पाहतात. परमुलखात त्याच्या हातातले पात्र कशासाठी आहे हेही लोकांना ठाऊक नसते. तो मागत नाही, ओरडत नाही. दारासमोर क्षणभर उभा राहतो आणि पुढे जातो. श्रीमंताचे घर निवडून गरिबाचे टाळीत नाही. पात्रात पडेल ते खातो. या देशात तर ही गोष्ट क्रांतीहून कमी नव्हती. ज्या देशात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावर धर्म उभा होता, त्या देशात भिक्खूच्या पात्रात सगळ्या घरांचे अन्न एक होत होते. उपाली न्हावी आणि शाक्य राजपुत्र एकाच संघात बसले. राजपुत्रांच्या आधी उपालीला दीक्षा मिळाली, म्हणून राजपुत्रांनी त्याला वंदन केले. समतेचे हे प्रवचन शब्दांविना रोज सकाळी होत असे.

मध्यान्हापूर्वी त्याचे जेवण आटोपते. त्यानंतर दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत तो अन्न घेत नाही. आपल्याकडे कित्येकदा भन्तेजींना भोजनदानाला बोलावतात आणि पंगत दुपारी दोनला बसते. यात श्रद्धा कमी असते असे मी म्हणत नाही, माहिती कमी असते. ती माहिती करून घ्या.

दुपारी तो शिकतो. होय, शिकवण्याआधी तो शिकतो. दोन ब्राह्मण कुळांतील भिक्खूंनी बुद्धवचन वैदिक छंदात घालण्याची परवानगी मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली. म्हणून धम्मदूताचे पहिले काम लोकांची बोली आत्मसात करणे. मोठा पंडित असला तरी नव्या देशात त्याला लहान मुलाप्रमाणे एकेक शब्द उच्चारावा लागतो. चुकला तर गल्लीतली पोरे हसतात. त्या हसण्यावर जो रागावतो तो धम्मदूत होत नाही.

संध्याकाळी लोक येतात, किंवा येत नाहीत. चार माणसे आली तर चौघांना सांगतो, एक आला तर एकाला. कोणी आजारी असेल तर त्याच्याकडे जातो. हगवणीने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदाच्या मदतीने धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा होय असे संघाला बजावले. भगवंतांचे हात ज्या कामात मळले ते काम आपल्याला हलके वाटता कामा नये.

आणि मग रात्र येते. दिवसभर सांगणारा माणूस रात्री एकटा असतो. त्यालाही आई असते, आपल्या गावची नदी आठवते. ज्या दिवशी कोणी ऐकायला आले नाही, उलट कोणी दगड मारला, त्या रात्रीही त्याला दुसऱ्या पहाटे उठायचे असते. धम्मदूताची खरी परीक्षा ही असते.

हे जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडची उदाहरणे सांगतो.

१८६४ साली कोलंबोच्या एका श्रीमंत व्यापारी घरात एक मुलगा जन्मला. परक्या सत्तेच्या काळी त्याला नाव मिळाले डेव्हिड आणि शिक्षण मिळाले मिशनऱ्यांच्या शाळांत. तरुणपणी त्याने ते नाव टाकले आणि धर्मपाल हे नाव घेतले. तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या मुलांची जुनी, हिणवणारी नावे टाकून राहुल, यशोधरा, सुजाता अशी नावे ठेवली, त्यांना या नाव बदलण्याचा अर्थ कळेल. सव्वीस वर्षांचे असताना, २२ जानेवारी १८९१ रोजी, अनागारिक धर्मपाल बुद्धगयेला पोहोचले. ज्या जागी तथागतांना बोधी प्राप्त झाली ती जागा शैव महंताच्या ताब्यात होती आणि तिची दुर्दशा झालेली होती. पाहुणे म्हणून आलेला हा तरुण तिथेच थांबला. राहायला ब्रह्मदेशाच्या राजाने बांधलेली धर्मशाळा होती. त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सभा स्थापन केली, चार सिंहली भिक्खूंना बुद्धगयेला आणले आणि १८९२ साली इंग्रजी मासिक सुरू केले.

पण पुढचे सगळे दिवस विजयाचे नव्हते. भिक्खूंना मारहाण झाली. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी जपानहून आलेली बुद्धमूर्ती धर्मपालांनी महाबोधी विहाराच्या वरच्या मजल्यावर बसविली, तर महंताच्या माणसांनी ती उचलून बाहेर ठेवली. खटला झाला. खालच्या कोर्टात जिंकले, हायकोर्टात हरले. तरी या माणसाने काम सोडले नाही. पहाटे उठणे, ध्यान, पत्रे लिहिणे, मासिकाचा मजकूर तयार करणे, वर्गणीसाठी दारोदार फिरणे आणि रात्री रोजनिशी लिहिणे हा क्रम वर्षानुवर्षे चालला. सारनाथचा मूलगंधकुटी विहार १९३१ साली उघडला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे, आजाराने खचलेले वृद्ध होते. १९३३ साली सारनाथलाच त्यांचे निधन झाले. महाबोधी विहाराचा कायदा १९४९ साली झाला, तोही अर्धाच न्याय देणारा. पूर्ण ताब्यासाठी बौद्धांची मागणी आजही चालू आहे. म्हणजे ज्या कामासाठी धर्मपाल आयुष्यभर झिजले ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुरे झाले नाही.

मग त्यांचे आयुष्य वाया गेले काय? ऐका. त्यांनी सुरू केलेल्या त्याच मासिकात १९५० साली परमपूज्य बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी उभ्या केलेल्या महाबोधी सभेचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर हजर होते.

आणि त्या दिवशी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील कोणी दिले? भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. आपण त्यांचे नाव आदराने घेतो, पण ते कोण होते हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? ते ब्रह्मदेशातील आराकान प्रांताचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अगदी तरुण वयात ते भारतात आले आणि कुशीनगरला राहिले. जिथे तथागतांचे महापरिनिर्वाण झाले तिथे त्या काळी बौद्ध समाज उरलेला नव्हता. त्यांनी हिंदी आत्मसात केली, धम्मपद हिंदीत आणले, मुलांसाठी शाळा चालविली. नेपाळातून येणाऱ्या स्त्री-पुरुषांना दीक्षा दिली. त्या शिष्यांनी आपल्या देशात धम्म पुन्हा जागविला. राणा राजवटीने १९४४ साली भिक्खूंना हद्दपार केले तेव्हा सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद चंद्रमणींकडे आले. अशी पन्नासाहून अधिक वर्षे परक्या मुलखात गेली. वय ऐंशीच्या घरात पोहोचले, तेव्हा नागपूरहून बोलावणे आले.

विचार करा. तो तरुण पन्नास वर्षांआधी कंटाळून आपल्या गावी परत गेला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. दहा वर्षे राहिलो, फारसे कोणी ऐकले नाही, असे तो म्हणू शकला असता. पण तो रोज पहाटे उठत राहिला. आपण कशाची तयारी करतो आहोत हे त्याला माहीत नव्हते. एका कोट्यवधी लोकांच्या समाजाला अस्पृश्यतेच्या नरकातून बाहेर काढणाऱ्या महापुरुषाला शरणगमन देण्यासाठी आपला कंठ तयार होतो आहे, हे त्याला कसे कळावे? धम्मदूताला आपल्या पेरणीचे पीक दिसेलच असे नाही. त्याने पेरायचे असते.

आपल्या डोळ्यांपुढचे उदाहरण हवे असेल तर भदन्त सुरई ससाई यांचे घ्या. १९३५ साली जपानात जन्मलेले हे भिक्खू तरुणपणी भारतात आले आणि नागपूरच्या इंदोरा वस्तीत आपल्या माणसांत राहिले. हिंदी शिकले, या देशाचे नागरिक झाले आणि १९९२ साली महाबोधी विहाराच्या मुक्तीचे आंदोलन त्यांनी उभे केले. ज्या वस्तीकडे शहरातली शिकलेली माणसे नाक मुरडीत होती, तिथे जपानचा एक माणूस येऊन राहिला. त्याने आपली जात विचारली नाही.

आता मी तुमच्याकडे वळतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही संसारी माणसे. आम्हाला कुठे परदेशी जायचे आहे? त्याचे उत्तर पुण्ण स्थविरांच्या कथेत आहे. अट्ठकथेप्रमाणे पुण्ण हे सुनापरान्ताचे व्यापारी, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याचे, सोपाऱ्याकडचे. दीक्षा घेतल्यावर त्यांनी आपल्याच मुलखात जाऊन राहण्याची परवानगी भगवंतांकडे मागितली. भगवंत म्हणाले, तिथली माणसे तापट आहेत, शिव्या देतील. पुण्ण म्हणाले, हाताने मारीत नाहीत म्हणून ती भली माणसे आहेत असे मी समजेन. आणि हाताने मारले तर? ढेकळे मारीत नाहीत म्हणून भली समजेन. असे विचारता विचारता गोष्ट काठीवर आली, शस्त्रावर आली, जीव जाण्यावर आली. पुण्णांची शांती ढळली नाही. तेव्हा भगवंतांनी त्यांना जाण्यास अनुमती दिली. आणि त्याच एका वर्षावासात पुण्णांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका तयार केल्या.

उपासकांनो, दीक्षा घेतली की कधी कधी आपलेच गाव परमुलूख होते. काल ज्यांच्याबरोबर जेवलो ते भाऊबंद विचारतात, देव सोडलेस, आता तुझ्या पोरांचे कसे होणार? जत्रेची वर्गणी दिली नाही म्हणून गाव बोलते. बाळाच्या पाचवीला सटवाई पूजली नाही म्हणून सासू डोळ्याला पदर लावते. घरात कोणी वारले आणि दहावे-तेरावे केले नाही तर सोयरे रुसतात. आपण जे बोलतो ते त्यांना समजत नाही, जणू भाषाच निराळी झाली. हीच तर परमुलखातल्या धम्मदूताची स्थिती! अशा वेळी दोन चुका होतात. काहीजण घाबरून देव्हारा पुन्हा मांडतात, बाबासाहेबांचा फोटो पुढच्या खोलीत आणि मरीआई मागच्या खोलीत. काहीजण रागाने भांडण मांडतात, शिव्याला शिवी देतात आणि नाती तोडतात. पहिल्याने धम्म बुडतो, दुसऱ्याने तो बदनाम होतो.

पुण्णांची वाट निराळी आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी एकही सोडायची नाही आणि माणूसही सोडायचा नाही. भावाच्या घरच्या सत्यनारायणाला जाऊ नका, पण तोच भाऊ आजारी पडला तर दवाखान्यात रात्र काढायला सर्वांत आधी जा. जत्रेला पैसे देऊ नका, पण गावातल्या हुशार पोरीच्या वह्यांना द्या, मग ती कोणत्याही जातीची असो. सासूबाईंशी वाद घालू नका, सटवाईऐवजी बाळाला वेळेवर लस टोचून आणा आणि ते धडधाकट वाढताना त्यांना पाहू द्या. तुमच्या घरात दारू बंद झाली, बायकोवर उठणारा हात थांबला, मुलगी शाळेतून काढली गेली नाही, एवढे शेजाऱ्याने दहा वर्षे पाहिले की तो आपण होऊन विचारील, तुमचा धम्म काय सांगतो? त्या दिवशी चार शब्द सांगा. ते शब्द त्याच्या मनात उतरतील.

म्हणून आपल्याही घराला धम्मदूतासारखा दिवस असू द्या. सकाळी दहा मिनिटे सर्वांनी मिळून वंदना करावी, आणि तिचा अर्थ मुलांना मराठीत सांगावा. आठवड्यातून एकदा बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाची दोन पाने मोठ्याने वाचावीत. आईला वाचता येत नसेल तर मुलीने वाचावे, आईने ऐकावे.

भिक्खू तुमच्या वस्तीत आले, ते परप्रांताचे असोत वा परदेशाचे, तर त्यांची पूर्वीची जात शोधू नका. अकराच्या आत घरात असेल ती भाजी-भाकरी द्या. त्यांना आपली भाषा येत नसेल तर हळू बोला, शिकवा. त्यांच्याकडून मुहूर्त काढून घेऊ नका, भूतबाधा उतरवायला सांगू नका, गंडेदोरे मागू नका. एका भटाला घरातून काढून दुसरा भट आणण्यासाठी आपण धर्मांतर केलेले नाही. त्यांना प्रश्न विचारा, मुलांना त्यांच्यापुढे बसवा. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारले आहे की भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू केवळ परिपूर्ण माणूस घडविण्याचा होता, की लोकांचा सेवक घडविण्याचा? या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांनी धम्माचे भवितव्य अवलंबून ठेवले. पण भिक्खूने सेवक व्हावे असे वाटत असेल तर आपणही त्याला पुरोहित बनवता कामा नये.

आणि शेवटची गोष्ट, सर्वांत कठीण. सिंहलद्वीपाने आपला धर्मपाल या देशाला दिला. त्याच्या वडिलांनी घराबाहेर पडण्यास परवानगी दिली आणि पुढे त्याच्या कामाला पैसाही पुरविला. आराकानने चंद्रमणी दिला, जपानने ससाई दिला. महाराष्ट्रातील लाखो बौद्ध घरांनी किती मुलगे, किती मुली दिल्या? आपला मुलगा साहेब व्हावा असे वाटणे रास्त आहे, पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला ते नाकारले गेले होते. पण प्रत्येक घराचा प्रत्येक मुलगा साहेब झाला तर धम्म सांगायचा कोणी? निदान एवढे करा. सुटीत श्रामणेर शिबिरे भरतात, तिथे मुलाला दहा दिवस पाठवा. त्याला पहाटे उठू द्या, पात्र घेऊन आपल्याच वस्तीतून फिरू द्या, आपल्याच आईच्या हातून भाकरी घेताना मान खाली घालू द्या. त्या दहा दिवसांत चीवराचे ओझे काय असते ते त्याला कळेल. त्यातून एखादा पुढे निघाला तर रडू नका, अडवू नका. तो जिथे जाईल तिथे तुमचे घर पोहोचेल.

अडीच हजार वर्षांपूर्वी साठ तरुण साठ वाटांनी निघाले. त्यांतली एक वाट फिरत फिरत, लंकेतून, आराकानातून, कुशीनगरहून नागपूरला आली आणि तुमच्या दारापर्यंत पोहोचली. ती तुमच्या दारात थांबू नये. उद्या पहाटे उठा, वंदना करा, आणि तुमच्यापासून तोंड फिरवलेल्या एका शेजाऱ्याकडे स्वतः होऊन जा.

नमो बुद्धाय! जयभीम!